शेवटच्या ओळीतले आभार

भिवंडी
३ जुलै २०२५

डॉ. उन्नती तरे यांस,
स. न. वि. वि.

सहा वर्षांनी लिहिते आहे, त्यामुळे 'प्रिय' लिहायचा धीर झाला नाही. 'स. न. वि. वि.' बरं असतं. त्यात माया नाही आणि भांडणही नाही. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस. मेल केली असती, पण मंडळाच्या मेलचा पासवर्ड हरी सरांकडे असतो, आणि माझ्या मेलचा कोणाकोणाकडे असतो ते मला सांगता येणार नाही. म्हणून रजिस्टर पोस्ट. पोस्टातल्या बाईंनी रत्नागिरीचा पत्ता वाचला, पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "वकिलाचं आहे का?" म्हटलं, "अजून तरी नाही."

बातमी अशी की उत्तर कोकण वैद्यक मंडळाच्या त्रैमासिकाची मी मुख्य संपादक झाले आहे. हो, तेच त्रैमासिक. हो, मीच. वय बावन्न, छातीच्या विकारांची डॉक्टर, दवाखाना अजून तिथेच, पॉवरलूमच्या वर. पेशंटच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला की आधी लूम ऐकू येतो, मग पेशंट.

तू अभिनंदन करणार नाहीस हे माहीत आहे. मीही केलेलं नाही. मला पहिल्या मिनिटापासून संशय येतो आहे.

गेल्या महिन्यात डॉ. हरी कर्णिक सरांनी मला त्यांच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. एकवीस वर्षं ते मुख्य संपादक. या एकवीस वर्षांत मी तिथे गेले की कारकून बाळाराम अर्धा कप चहा आणायचा. या वेळी कप काठोकाठ, बशीत बिस्किटं, आणि मी आत शिरताच सर उभे राहिले. उन्नती, सर उभे राहिले! मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"सुमती, आता स्त्रियांनी पुढं यायला हवं."

"किती पुढं, सर?"

"थेट माझ्या खुर्चीत."

मी दोन बिस्किटं खाल्ली आणि वाट पाहिली. अर्ध्या तासाने खरा कागद बाहेर आला. ज्या आंतरराष्ट्रीय यादीत आपलं त्रैमासिक आहे, त्यांनी फेरतपासणी काढली आहे. यादीतून नाव गेलं की इथला लेख कोणाच्या बढतीला धरणार नाहीत, मग लेख पाठवणार कोण? आणि यादीवाल्यांनी या वेळी विचारलं आहे: संपादक मंडळात स्त्रिया किती? मुख्य पदावर स्त्री आहे का? किती लेखांत पहिलं नाव बाईचं, किती लेखांत शेवटचं? पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं राबवून घेणाऱ्याचं असतं, हे तुला मी सांगायला नको.

आपल्या नऊ जणांच्या मंडळात बाई एक. कल्याणच्या त्या वयस्क डॉक्टरीणबाई. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. नाव कोणी काढलं नव्हतं. त्यानंतरही त्यांनी चार लेख तपासून पाठवले आहेत. वेळेवर.

त्यांच्या जागी आता मी. पण एका बाईने सरांचं समाधान होईना. "नुसता आकडा गाठायचा कशाला, निम्म्याहून जास्त दाखवू, छाप पडते." म्हणून चार सभासदांनी राजीनामे दिले आणि आपापल्या डॉक्टर बायकांची नावं घातली. सरपंचाची जागा बाईला राखीव झाली की नवरा शेजारी खुर्ची टाकून बसतो ना, अगदी तसं. बायकांना कळवायचं कोणी, असं मी विचारलं. सर म्हणाले, "घरातलंच आहे, कळेल."

एक मला कळत नाही. एवढ्या बायकांत मीच का? माझ्याहून गोड बोलणाऱ्या पन्नास आहेत. २०१९ साली सरांनी तुझं जे केलं ते मी विसरलेले नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी मीच?

तुझ्याकडे कोणी काही चौकशी केली आहे का, तेवढं कळव.

सुमती दोंदे

*

भिवंडी
१९ जुलै २०२५

उन्नती,

तुझं उत्तर नाही. आता तुला सरळच विचारायचं आहे. आधी एक गंमत सांगते, म्हणजे मी रागाने लिहिते आहे असं वाटणार नाही.

मंडळात घातलेल्या चार बायकांपैकी अंबाडीच्या डॉ. हेमाली मढवींचं पहिलं परीक्षण आलं. हेमालीचं प्रसूतिगृह तुला आठवत असेल, फाट्यावरचं. वाडा तालुक्यातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने बाळंतिणींच्या रक्तक्षयावर लेख पाठवला होता, तो हेमालीने नाकारला होता. शेरा असा: 'लेखिकेस प्रसूतिगृहातील प्रत्यक्ष अनुभव नसल्याचे जाणवते.' वाक्य मला फार पुरुषी वाटलं. फोन लावला.

"हेमाली, तुमच्या परीक्षणाबद्दल जरा शंका आहे."

"कसलं परीक्षण, मॅडम? थांबा हां. ए बाय, श्वास सोडू नको, लाव जोर! लाव! सिस्टर, फोन नीट धरा. हां, बोला."

"बाळंतिणींवरचा लेख तुम्ही नाकारलात."

"मी?"

शेरा वाचून दाखवला. पलीकडे एक मूल रडलं.

"मुलगी झाली," हेमाली म्हणाली. "वीस वर्षांत किती झाल्या त्याची गणती न्हाय. आणि मी लिहिलं, अनुभव न्हाय म्हणून? मला पाठवा तो कागद. माझ्या मेलवर. ह्यांच्या नको."

दहा मिनिटांत तिचे 'हे', डॉ. हितेश, यांचा फोन. "मॅडम, मिसेसला कशाला त्रास देता? ती बिझी असते. जे काय असेल ते मला टाका."

"हितेश, तुम्ही हाडांचे डॉक्टर."

"हो, पण बाळंतिणीला हाडं असतातच की."

झाली गंमत. आता मुद्दा.

मंगळवारी संपादकांच्या नावाने एक लिफाफा आला. आत आपल्या लेखाची झेरॉक्स. कांडीवाल्या बायकांचा लेख, धोट्यात बसणारी सुताची कांडी भरणाऱ्या दोनशे बारा बायका, त्यांचा खोकला आणि त्यांचा श्वास. वर दोन नावं: हरी कर्णिक, सुमती दोंदे. आणि अगदी तळाला, संदर्भांच्याही खाली, बारीक टायपात: 'माहिती गोळा करण्यातील सहकार्याबद्दल कु. उन्नती तरे यांचे आभार.' त्या ओळीभोवती निळ्या बॉलपेनने गोल काढलेला. चिठ्ठी नाही, सही नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही.

नुसता गोल. धमकीला शब्द लागत नाहीत.

तूच पाठवलंस ना?

तुझा राग मी समजू शकते. लेख छापायला गेला तेव्हा तूच घरी सांगितलं होतंस की पहिलं नाव तुझं आहे. मग शेलारला, तुमच्या गावच्या नाक्यावर, फ्लेक्स लागला: 'डॉ. उन्नती तरे यांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय त्रैमासिकात झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यावर अकरा पुरुषांचे फोटो, गॉगलसकट, आणि कोपऱ्यात तू. अंक हातात येईपर्यंत थांबायची आपल्याकडे पद्धतच नाही. बोर्ड आधी, बातमी मागून. अंक आला, त्यात तुझं नाव वर नव्हतं, आणि फ्लेक्स तीन आठवडे तिथेच लटकत राहिला. त्या नाक्यावरून तू रोज ड्युटीला जायचीस. मी एकदा गाडीतून जाताना पाहिलं होतं. तू ओढणी तोंडावर घेऊन रस्त्याच्या पलीकडून चालली होतीस.

पण म्हणून असं गोल काढून पाठवायचं? त्या खुर्चीत आता सर नाहीत, मी आहे. तुला कोणाला घाबरवायचं आहे?

सुमती दोंदे

*

भिवंडी
४ ऑगस्ट २०२५

उन्नती,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'मी काही पाठवलेलं नाही. माझ्या २१२ बायकांच्या वह्या तुमच्या कपाटात आहेत, त्या परत करा.' दोन वाक्यं, सही. माझ्याच हाताखाली शिकलीस, त्यामुळे फाफटपसारा नाही.

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. म्हणून चौकशी सुरू केली. आधी संशय बाळारामवर. त्याने लिफाफा माझ्या हातात दिला तेव्हा हसला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मी सगळ्यांनाच हसतो, नोकरी आहे." मग संशय सरांवर. मला घाबरवून ठेवायला त्यांनीच पाठवला असेल. मग लिफाफ्यावरचा शिक्का भिंगाखाली धरला, एक्स-रे बघतो तसा. दापोडे.

दापोड्यात गोदामं आहेत, ट्रक आहेत, त्रैमासिक वाचणारं कोण आहे? मग आठवलं, तुझ्या चुलतभावाची बायको करिष्मा तिथल्या गोदामात कॉम्प्युटरवर बसते. गाडी काढली आणि शेलारला तुमच्या घरी गेले. तुझ्या हौसाआत्या ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"ये गो डॉक्टरीन. सा वर्सांनी वाट गवसली?"

मी झेरॉक्स पुढे धरली. "आत्या, हे तुम्ही पाठवलं?"

"मीच धारलं. पाकिटावर करिष्मानी लिवलं."

"अहो, मग आत दोन शब्द तरी लिहायचे."

"माना लिवता येत न्हाय. गोल करता येतो."

मी खाली बसले. त्यांनी बोंबील बाजूला सारले.

"सा वर्सां ते पुस्तक लुगऱ्याच्या घडीत ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवतंय, आमचे उन्नतीनी लिवलंय. परवा करिष्माला बोल्ले, नाव वाचून दाखव. ती पानं परतते, परतते, आनि शेवटाला बोट ठेवलं. मुंगीयेवरं नाव. मी बोल्ले, हे काय लिवलंय? ती बोल्ली, आभार. आभार गो? लग्नात आचाऱ्याचे मानतात तसे?"

मी म्हटलं, "आत्या, तेव्हा सरांनी…"

"कोनी ते माना सांगू नको. त्या यूपीच्या बाया दार उघरत नव्हत्या. तुजे सर आले व्हते का? तू आली व्हती का? उन्नती जायची, मी संग जायची. बायको बोलायची, 'खाँसी तो सूत के साथ आती है, दीदी', आनि नवरा आला का गप. मशीनमंदी फुंकायला त्यांना शिकवायला उन्नती सोता फुंकून दाखवायची. हिला चक्कर यायची फुंकून फुंकून. आनि आभार?"

मग त्यांनी ते सांगितलं जे तू मला सांगितलं नाहीस. तुझी बढती दुसऱ्यांदा अडली आहे. पहिल्या तीन नावांत असलेला एक लेख कमी पडतो. मुलाखत १५ सप्टेंबरला आहे, आणि या वेळी हुकली तर ती जागा तुझ्यानंतर आलेल्या मुलाला जाईल. घरी तू एवढंच सांगितलंस की 'ट्राय चालू आहे'. बाकीचं करिष्माने खोदून काढलं.

पुढचा अंक ३० ऑगस्टला छापून होतो. त्यात दुरुस्ती छापता येते: 'सदर लेखाच्या प्रथम लेखिका डॉ. उन्नती तरे या होत.' संपादक मी आहे. मी छापणार आहे. तुझ्या वह्या सोबत पाठवते आहे, सगळ्या सात.

२०१९ मध्ये मी सरांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही. तेवढी माझी चूक आहे.

सुमती दोंदे

*

भिवंडी
११ ऑगस्ट २०२५

उन्नती,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

शनिवारी सरांना सांगितलं की दुरुस्ती छापते आहे. सर चिडले नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "आत्ता तपासणी चालू असताना? लेखकांची नावं चुकवणारं त्रैमासिक म्हणून आपल्याला यादीतून काढतील. मग तिचं पहिलं नाव घेऊन ती काय लोणचं घालणार?"

"लपवलेलं त्यांना सापडलं तर नक्की काढतील, सर."

"सापडणार कसं? तू संपादक आहेस." मग त्यांनी हाक मारली, "बाळाराम, एकोणीसची फाईल आण."

बाळाराम एकवीस वर्षांची प्रुफं जपून ठेवतो हे मला ठाऊक होतं, तरी ते माझ्या डोक्यातून गेलं होतं, किंवा मी घालवलं होतं. सरांनी एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. टाईप केलेली तीन नावं: उन्नती तरे, सुमती दोंदे, हरी कर्णिक. सरांनीच त्या क्रमाने टाईप करायला दिली होती. आणि तुझ्या नावावर लाल पेन्सिलची आडवी रेघ. खाली त्याच पेन्सिलने: 'आभारात घ्यावे. सु. दों.'

"अक्षर ओळखतेस ना?" सर म्हणाले आणि फाईल बंद केली. बिस्किटं पुढे केली.

तेव्हा कळलं, मीच का.

तुझं नाव सरांनी काढलं नाही. मी काढलं. आता कारण विचारशील. माझ्याकडे तेव्हा तीन कारणं होती. बायकांनी बायकांवर लिहिलंय म्हणून कोणी गांभीर्याने घेणार नाही, हे एक. तुझं लग्न ठरलं होतं, तू रत्नागिरीला जाणार होतीस, तुला त्याचा काय उपयोग, हे दुसरं. तू लहान आहेस, पुढे भरपूर लिहिशील, हे तिसरं. ही तिन्ही कारणं आयुष्यभर मला ऐकवली गेली होती, म्हणून मला पाठ होती. खरं कारण असं, की मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि माझं नाव कुठेही पहिलं आलं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुला छापील अंकात दिसलंच. तुझं नाव गेलं, वरची जागा रिकामी झाली, आणि सरांनी ज्येष्ठतेच्या नावाखाली स्वतःचं नाव तळातून उचलून वर ठेवलं. मी जिथे होते तिथेच राहिले, दुसरी. तुला खाली ढकलून मला एक ओळही वर जाता आलं नाही.

मग सहा वर्षं तुला वाटू दिलं की सरांनी केलं. ते माझ्या सोयीचं होतं आणि सरांच्याही. खजील माणसाला खुर्चीत बसवलं की ते मालकाला विचारल्याशिवाय हलत नाही.

नियम असा आहे की संपादक स्वतः त्या प्रकरणात असेल तर दुरुस्तीला मंडळाची मंजुरी लागते. २३ तारखेला सभा लावली आहे. नोटिशीत लिहिलं आहे की सभासदाने स्वतः यायचं, नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवून सही करायची, दुसऱ्याने प्रतिनिधी म्हणून बसायचं नाही. नोटीस नवऱ्यांच्या मेलवर नाही पाठवली. चारही बायकांच्या दवाखान्यांत जाऊन हातात दिली. सोबत त्या प्रुफाची झेरॉक्स.

सुमती

*

भिवंडी
३० ऑगस्ट २०२५

उन्नती,

सोबत अंकाच्या दोन प्रती आहेत. पान ४७ आधी बघ, मग हे वाच.

सभेला आठ जण हजर होते. चार बायका आल्या. तिघींचे नवरेही आले होते, त्यांना बाळारामने बाहेरच्या बाकावर बसवलं. डॉ. हितेश म्हणाले, "मी दोन वर्षं सभासद होतो." बाळाराम म्हणाला, "होता, सर. पाणी देऊ?"

मी सगळं वाचून दाखवलं, लाल रेघेसकट. सर पाच मिनिटं यादीबद्दल, प्रतिष्ठेबद्दल आणि 'एका जुन्या कारकुनी चुकी'बद्दल बोलले. मग म्हणाले, "मतदान घेऊ."

हेमाली उठली. अंबाडीहून ड्युटी टाकून आली होती, अजून पायात दवाखान्याच्या चपला. "सर, तुम्हाला मत न्हाय."

"का?"

"तुम्ही पण त्या लेखाचे लेखक. पहिले. मॅडमना मत न्हाय, तुम्हाला पण न्हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

उरले सहा. चार बायकांपैकी तिघी दुरुस्तीच्या बाजूने. चौथी विरुद्ध, तिने बाहेर बाकाकडे एकदा पाहिलं आणि हात खाली ठेवला. तिच्यावर रागावू नकोस, मला रागावता येत नाही. दोन पुरुषांपैकी एक विरुद्ध. दुसरे तटस्थ, ते म्हणाले की त्यांना विषय नीट समजला नाही. तीन विरुद्ध दोन. दुरुस्ती मंजूर.

मला वाटलं संपलं. मी कागद आवरायला लागले. हेमाली बसली नव्हती.

"अजून एक ठराव मांडायचाय. हाताखालच्या मुलीचं नाव जिने खोडलं, ती संपादक नको."

मी म्हटलं, "हेमाली, मी स्वतःच तर सांगितलं ना आत्ता."

"सांगितलंत, ते बरं केलंत, मॅडम. सहा वर्षं लागली तुम्हाला. ती वाड्याची पोरगी, जिचा लेख माझ्या नावानं नाकारला, तिला मी काय सांगू? की नाव खोडणारी बाई वर बसलीय, पण आता तिला पस्तावा झालाय?"

मी सभेची वही पुढे ओढली आणि तिचा ठराव लिहून घेतला.

ठराव एकमताने मंजूर झाला. सरांनीही हात वर केला. एकवीस वर्षांत त्यांचं आणि बायकांचं मत पहिल्यांदाच जुळलं. पण त्यांनी हात खाली घ्यायच्या आत तिघींपैकी एकीने हेमालीचं नाव संपादक म्हणून सुचवलं, दुसरीने अनुमोदन दिलं, आणि सर हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखे बसून राहिले. सभा उठली तेव्हा बाहेर डॉ. हितेश पेढे आणायला निघाले होते. हेमाली म्हणाली, "पेढे नकोत. मेलचा पासवर्ड द्या."

यादीवाल्यांना तिने काय कळवलं तेही सांगते, कारण तुला शंका येईल. तिने फॉर्ममध्ये सगळं खरं भरलं. कल्याणच्या बाईंची चार मरणोत्तर परीक्षणं, नवऱ्यांनी लिहिलेले शेरे, तुझं प्रकरण, माझं नाव. सर म्हणत होते की यादीतून काढतील. काढतीलही. निकाल डिसेंबरमध्ये आहे, तुझी मुलाखत सप्टेंबरमध्ये. मुलाखतीच्या दिवशी त्रैमासिक यादीत आहे, हे मी तीनदा तपासलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तूही तपास.

पान ४७ वर तुझं नाव पहिलं आहे. दुसरं हरी कर्णिक. माझं तिसरं; तो क्रम मी स्वतः मागून घेतला. तुझ्या नावाआधी 'कु.' किंवा 'सौ.' काही लावलेलं नाही. हौसाआत्यांना एक प्रत नेऊन दिली. त्यांनी करिष्माकडून वाचून घेतली, दोनदा. मला चहा विचारला नाही. ते बरोबर आहे.

माफी मी मागत नाही. मागितली की तुला द्यायची की नाही याचा विचार करत बसावं लागेल, आणि तुला १५ तारखेची तयारी करायची आहे.

एक मात्र ऐक. मुलाखतीत कोणीतरी हमखास विचारेल की २०१९ च्या लेखात तुमचं नाव २०२५ मध्ये कसं उगवलं. तुला अवघडल्यासारखं होईल, तू म्हणशील, तांत्रिक चूक झाली होती. तसं म्हणू नकोस. तांत्रिक चूक म्हटलं की त्यांना वाटेल तूच काहीतरी करून घुसवलंस. सांग की माझ्या वरिष्ठांनी खोडलं होतं. ते विचारतील, कोणी? तेव्हा खाली बघू नकोस.

सांग, डॉ. सुमती दोंदे, भिवंडी. पत्ता मागितला तर पत्ताही दे. मी दवाखान्यात असते.

सुमती